दोन इमारतींमधली तार



पेण आणि रोहा तालुक्यांतल्या गटांच्या बैठकांना मी जाते. तिथले विषय पूर्वी ठरलेले असायचे: कर्ज, परतफेड, बँकेचे कागद. आता त्यांत एका नव्या विषयाची भर पडली आहे. "ताई, पुढच्या दुकानात एक कॉम्प्युटर आहे, मागच्या शेडसाठी दुसरा घेतोय. दोन्ही एकमेकांना जोडून मिळतील का?" आज त्याच प्रश्नावर बोलते. कॉम्प्युटरला कधी हात लावला नसेल त्यांनीही ऐका. यातले निम्मे निर्णय घराचं छप्पर शाकारताना किंवा विहिरीवर पंप बसवताना आपण घेतो तसेच आहेत.

एक गट डोळ्यांसमोर धरू या. गट मनातला आहे, पण हमरापूर-जोहे भागात फिरलेल्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल. बायका कच्च्या गणेशमूर्ती घेतात, रंगवतात, डोळ्यांची आखणी करतात आणि विकतात. पुढे रस्त्याला लागून दुकान आहे, तिथे बुकिंग होतं. मध्ये अंगण, आणि मागे पत्र्याची लांब शेड. मूर्ती शेडमध्ये, बुकिंगची वही दुकानात. गिऱ्हाईक आलं की दुकानातली बाई मागे हाक मारते, "दीड फुटाची, पिवळ्या पितांबराची शिल्लक आहे का गं?" मागून कुणीतरी "हो" म्हणतं. त्याच वेळी शेडमध्ये थेट आलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकानं तीच मूर्ती पसंत करून हजार रुपये दिलेले असतात. हरतालिकेच्या दिवशी एका मूर्तीला दोन घरं दारात उभी राहतात. पैसे परत करता येतात, पण त्या घराची पुढच्या वर्षीची ऑर्डर जाते आणि चार ठिकाणी नाव जातं. दोन कॉम्प्युटर जोडायचे ते यासाठी, की बुकिंगची वही एकच असावी आणि ती दोन्ही इमारतींत एकाच वेळी उघडी असावी.

हे आधी कागदावर मांडा. दुकानदाराकडे जाण्याआधी. एक मोठा कागद घ्या, दोन चौकोन काढा, मध्ये अंगण दाखवा, झाडं दाखवा, विजेचे मीटर कुठे आहेत ते दाखवा. मग प्रत्येक चौकोनात कोण बसतं आणि त्या बाईला काय दिसायला हवं ते लिहा. दुकानात बुकिंग आणि बिल. शेडमध्ये तयार मूर्तींची यादी. कोषाध्यक्षांना हिशेब. प्रिंटर एकच असेल तर कुठे? कॅमेरे लावायचे आहेत का? हा कागद झाला की कळतं, आपली माहिती फार थोडी आहे. बुकिंग, बिलं, यादी हे सगळं मिळून तारेवरून जाणारा भार नगण्य असतो. भार असतो तो कॅमेऱ्यांचा. एक साधा कॅमेरा सेकंदाला दोन ते चार मेगाबिट सतत ओढतो, रात्रंदिवस. म्हणून शेडमधल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंगचं यंत्र शेडमध्येच ठेवायचं. सगळं चित्रण उगाच अंगण ओलांडून कशाला न्यायचं?

आणि हो, गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरून येणारे पैसे या नेटवर्कवर अवलंबून नसतात. क्यूआर कोड हा छापील कागद आहे, पैसे गिऱ्हाइकाच्या फोनमधून जातात. "पैसे मिळाले" असं बोलणाऱ्या डबीत बहुधा स्वतःचं सिमकार्ड असतं. तेवढ्यासाठी मोठं इंटरनेट घ्यायला कुणी सांगितलं तर नको म्हणा.

आता मुख्य गोष्ट. दोन इमारतींच्या मध्ये काय टाकायचं? सगळ्यांत जास्त नुकसान इथेच होतं, म्हणून इथे जरा थांबते.

पहिला विचार सगळ्यांच्या मनात येतो तो साध्या निळ्या किंवा राखाडी नेटवर्क केबलचा. तिच्या आत तांब्याच्या आठ बारीक तारा असतात. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायला ती उत्तम. तिची मर्यादा शंभर मीटरची, म्हणजे बारा नऊवारी लुगडी टोकाला टोक लावून पसरली तर जेवढी होतील साधारण तेवढी. आपलं अंगण त्याहून लहानच असतं, तेव्हा अंतराची अडचण नाही. अडचण विजेची आहे, आकाशातल्या आणि मीटरमधल्याही.

मे महिन्याच्या अखेरीला वळीव येतो आणि पुढे परतीचा पाऊस येतो, तेव्हा आपल्याकडे किती कडकडाट होतो ते सांगायला नको. वीज थेट घरावरच पडायला हवी असं नाही. ती जवळपास कुठेही पडली तरी उघड्यावरच्या लांब तांब्याच्या तारेत क्षणभर मोठा दाब तयार होतो आणि दोन्ही टोकांची यंत्रं जळतात. दुसरी गोष्ट कमी माहितीची आहे. दुकानाचं मीटर वेगळं, शेडचं वेगळं, दोन्हींचं अर्थिंग वेगळं. वीज पडली किंवा एखाद्या इमारतीत शॉर्टसर्किट झालं की दोन्ही जमिनींतल्या विजेच्या पातळीत फरक पडतो. मध्ये तांब्याची तार असेल तर तो फरक तारेतून वाट काढतो. म्हणजे बिघाड शेडमध्ये आणि कॉम्प्युटर जळतो दुकानातला. वायरमन म्हणतो, "दुकानात तर सगळं ठीक आहे!" ठीकच असतं, कारण कारण पलीकडे असतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. दोन इमारतींच्या मध्ये तांबं नको, काच घाला. काच म्हणजे फायबर. केसाएवढ्या जाडीचा काचेचा धागा, त्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. आकाशात काहीही झालं तरी त्या धाग्यातून एका इमारतीचा झटका दुसरीत पोहोचत नाही. फायबर म्हटलं की बायका घाबरतात, मोठ्या कंपनीचं काम वाटतं. पण ग्रामपंचायतींना इंटरनेट देणाऱ्या भारतनेट योजनेत गावोगाव फायबरच नेली आहे, आणि केबल टीव्हीवाला मुलगा आज घराघरांत जी बारीक काळी तार आणतो तीही फायबरच. तिचा जोड लावायचं यंत्र त्याच्याकडे असतं. त्यालाच विचारा. दोन्ही टोकांना एकेक छोटी डबी लागते, मीडिया कन्व्हर्टर म्हणतात तिला. ती प्रकाशाचे पुन्हा विजेचे संकेत करते आणि पुढे खोलीच्या आत साधी केबल चालते.

घेताना दोन गोष्टी बघा. बाहेर लटकवायच्या फायबरला ताण सोसण्यासाठी आत पोलादी तार असते. ती धातूची आहे, म्हणजे काचेचा सगळा फायदा ती घालवते. तिच्या जागी बिनधातूची, फायबरग्लासची काडी असलेली केबल मागा, मिळते. आणि एका धाग्याऐवजी चार धाग्यांची केबल घ्या. एक कधी तुटला तर पुन्हा चर खणायला नको. खणण्याची मजुरी केबलपेक्षा महाग पडते.

चर दीड-दोन फूट खोल, त्यात काळा पाइप, पाइपात केबल आणि केबलबरोबर एक रिकामी नायलॉनची दोरी सोडून द्यायची. उद्या दुसरं काही ओढायचं झालं तर ती दोरी उपयोगी पडते. विजेची तार त्याच पाइपात घालू नका. काचेला काटकोनात वळवायचं नाही, हंड्याच्या काठासारखं मोठं वळण द्यायचं. पाइपाची तोंडं जोत्यापेक्षा वर काढून बंद करायची, नाहीतर पाणी आणि उंदीर दोघंही आत शिरतात. पाणी परवडलं, उंदीर नाही. खणणं शक्य नसेल आणि वरून तार न्यायची असेल तर भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पागोळीचं पाणी झोळातून गळून जातं, तारेवरून घरात येत नाही. दोन इमारतींच्या मध्ये सार्वजनिक रस्ता असेल तर मात्र ग्रामपंचायतीची किंवा नगरपरिषदेची परवानगी लागते. ती न घेता रात्रीतून तार ओढणारे भेटतात. अशी तार एखाद्या ट्रकच्या टपाला अडकून जाते तेव्हा तक्रार कुणाकडे करणार?

रस्ता असेल आणि परवानगी लांबत असेल तर बिनतारी जोडणी आहे. दोन्ही छपरांवर ताटलीसारखं एकेक यंत्र, एकमेकांकडे तोंड करून. २०१८ पासून पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ठरावीक ताकदीपर्यंत अशी यंत्रं वापरायला परवाना लागत नाही. किलोमीटरभर अंतरही ती सहज पार करतात. अट एकच, मध्ये काही येता कामा नये. इथे आपल्या भागातली एक गंमत सांगते. एप्रिलमध्ये माणूस येतो, छपरावर चढतो, म्हणतो, "समोरचं सगळं स्वच्छ दिसतंय." दिसणारच, तेव्हा साग उघडा असतो. जूनमध्ये त्याला पराताएवढी पानं येतात, ती पावसानं निथळतात, आणि ओली पानं या लहरी पिऊन टाकतात. उन्हाळ्यात पळणारं नेटवर्क ऐन गणपतीत बसतं. मध्ये सागाची झाडं असतील तर पानं आली आहेत असं धरूनच उंची ठरवा. आणि छपरावरच्या या यंत्राला जोडणारी तार तांब्याचीच असते, म्हणून तिथे विजेपासून संरक्षण देणारी डबी आणि चांगलं अर्थिंग हवंच.

"दुकानातल्या राउटरचं वायफाय मागे पोहोचतं की," असं काही जणी म्हणतात. दाराशी उभं राहून पोहोचतं. शेडला चारी बाजूंनी पत्रा असेल तर आत पोहोचत नाही, पत्रा लहरी परतवतो. शेडसाठी आत वेगळी वायफायची डबी लागणारच.

आणि इथेच एक घोटाळा होतो, जो पंधरा मिनिटांत सुटतो पण माहीत नसेल तर पंधरा दिवस छळतो. नेटवर्कमधल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर मिळतो, घरपट्टीच्या नंबरासारखा. हे नंबर वाटायचं काम राउटर करतो. शेडमध्ये दुसरा राउटर आणून तसाच जोडला की तोही नंबर वाटायला लागतो. एका गावात दोन ग्रामसेवकांनी आपापले घर नंबर टाकावे तसं होतं. इंटरनेट दोन्हीकडे चालतं, म्हणून कुणाला संशय येत नाही. पण शेडमधल्या कॉम्प्युटरला दुकानातला प्रिंटर सापडत नाही, बुकिंगची फाइल दिसत नाही. बसवायला आलेल्या मुलाला एवढंच सांगा, "नंबर एकाच राउटरनं वाटायचे, शेडमधली डबी फक्त ॲक्सेस पॉइंट म्हणून लाव." आणि प्रिंटरचा नंबर कायमचा ठरवून द्यायला सांगा.

गिऱ्हाइकाला किंवा अभ्यासाला बसलेल्या आपल्या मुलांना वायफाय द्यायला हरकत नाही, पण ते पाहुण्यांचं वेगळं वायफाय. जवळपास प्रत्येक राउटरमध्ये ती सोय असते. पाहुणा ओटीवर बसतो, देवघरात जात नाही, तसंच.

यंत्रं ठेवायची कुठे? शेडमध्ये पीओपीची आणि रंगाची धूळ उडते, ती कॉम्प्युटरच्या पंख्यात बसते. म्हणून शेडमधलं सामान एका भिंतीवर जाळीच्या पेटीत ठेवा, आणि ती पेटी उंचावर लावा. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या पुरानं जांभूळपाड्याचं काय केलं ते आपल्या आया अजून सांगतात, आणि जुलै २०२१ मधलं महाड तर आपणच पाहिलं. कॉम्प्युटर जमिनीवर ठेवायची वस्तू नाही. टेबलाखालीसुद्धा नाही.

वीज जाणार हे धरूनच चाला. राउटर, स्विच आणि ती छोटी डबी मिळून वीसेक वॅट ओढतात, एका छोट्या दिव्याएवढी. साध्या लहान यूपीएसमध्ये बारा व्होल्ट सात अँपिअर-तासांची बॅटरी असते. तिच्यात ८४ वॅट-तास वीज मावते. कागदावर चार तास येतात. प्रत्यक्षात दोन ते तीन समजा, आणि बॅटरी जुनी झाली की त्याहून कमी. पण त्याच यूपीएसवर कॉम्प्युटर लावला तर काही मिनिटांत संपतं. म्हणून नेटवर्कच्या डब्यांना वेगळा यूपीएस द्या, आणि दोन्ही इमारतींत द्या. एकीकडेच दिला तर दिवे गेल्यावर अर्धी साखळी मेलेली असते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दक्षिण रायगडात कितीतरी गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती, मोबाइलचे टॉवर बंद होते. तेव्हा यूपीएसही कामाचा नव्हता. म्हणून मी सांगते, हंगामात रोज संध्याकाळी त्या दिवशीच्या बुकिंगचा एक छापील कागद काढून फाइलला लावा. कागदाला चार्जिंग लागत नाही.

आता रोह्याकडे वळते. आपल्या मनातल्या गटानं हंगामात रोह्याच्या बाजारात एक गाळा घेतला. मध्ये कासू आहे, नागोठणं आहे, एवढ्या लांब आपली तार कोण टाकणार? इथे दोन्हीकडे वेगवेगळं इंटरनेट घ्यावं लागतं आणि त्यावरून जोडावं लागतं. एक वाट अशी, की दोन राउटरमध्ये एक बंद बोगदा तयार करायचा, व्हीपीएन म्हणतात त्याला. मग रोह्याचा कॉम्प्युटर पेणच्या दुकानातच बसल्यासारखा वागतो. मोठ्या कारखान्यांना ते ठीक आहे. धाटावच्या एमआयडीसीत असं काम करणारी माणसंही मिळतील. पण त्यासाठी निदान एका बाजूला स्थिर आयपी, म्हणजे न बदलणारा पत्ता लागतो. घरगुती जोडणीत बहुधा तो नसतो, वेगळे पैसे भरून घ्यावा लागतो. शिवाय पेणला दिवे गेले की रोह्याचा गाळाही आंधळा.

गटासाठी मला दुसरी वाट बरी वाटते. बुकिंगची यादी आणि हिशेब ऑनलाइन ठेवायचा, एकाच ठिकाणी, आणि पेणचं दुकान, मागची शेड, रोह्याचा गाळा या तिघांनी आपापल्या नावानं तो उघडायचा. इंटरनेट बंद पडलं तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम भागतं. मग कुणी विचारेल, ऑनलाइनच ठेवायचं तर अंगणात काच कशाला? शेडमध्ये दुसरं इंटरनेट घेऊन दर महिन्याला दुसरं बिल भरण्यापेक्षा एकदा काच टाकून दुकानातलंच इंटरनेट मागे नेणं परवडतं, आणि प्रिंटर व कॅमेरे जोडले जातात ते वेगळं.

यात एक गोष्ट यंत्राची नाही, गटाची आहे. ऑनलाइन खातं कुणाच्या नावावर? बरेचदा अध्यक्षांच्या मुलाच्या किंवा जोडणी करून देणाऱ्याच्या मोबाइल नंबरावर. तो नंबर बदलला, मुलगा मुंबईला गेला, की गटाची वही दुसऱ्याच्या कपाटात बंद. खातं गटाच्या ईमेलवर काढा. राउटरचा पासवर्ड, तोही आतला, नंबर वाटण्याचा, जो फक्त बसवणाऱ्याला माहीत असतो, तो बदलून घ्या. सगळे पासवर्ड एका पाकिटात घालून सही-शिक्क्यानं कपाटात ठेवा, जिथे ठरावाची वही असते तिथे. काम करणाऱ्या प्रत्येक बाईला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. कुणावर संशय म्हणून नव्हे. चूक झाली तर कुठे झाली ते कळावं आणि उगाच भलतीवर आळ येऊ नये, म्हणून. बुकिंगमध्ये लोकांचे पत्ते आणि फोन नंबर असतात. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यानं ती माहिती जपणं ही घेणाऱ्याची जबाबदारी ठरवली आहे. कुणी फोन करून पासवर्ड किंवा ओटीपी मागितला तर द्यायचा नाही, आणि पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० ला फोन करायचा.

हिशेबाची एक प्रत दर आठवड्याला पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या इमारतीत ठेवा. ज्या कॉम्प्युटरची प्रत आहे त्याच्याच खणात नको.

काम करून घेताना शेवटच्या हप्त्याचे पैसे हातात ठेवा आणि बसवणाऱ्याच्या समोर तपासणी करा. शेडमधून दुकानातल्या प्रिंटरवर एक कागद काढा. दुकानाचा मेन स्विच बंद करा आणि शेडमध्ये यादी उघडते का ते बघा. दोन बायकांना एकाच वेळी एकच मूर्ती बुक करायला सांगा. यादी दुसरीला अडवते का? नाही अडवली तर अजून काम बाकी आहे. मग त्याच्याकडून नकाशा मागा: कुठून चर गेला, कोणती तार कुठल्या खोलीत, कोणत्या यंत्राचा नंबर काय. साध्या वहीच्या पानावर चालेल, पण प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावलेली हवी.

आणि चराचं काम मेच्या पहिल्या पंधरवड्यात संपवा. बुजवलेला चर पहिल्या दोन मोठ्या पावसांत खाली बसतो. त्यावर टाकायला मुरमाच्या चार पाट्या अंगणाच्या कडेला आधीच काढून ठेवा.